वजन उतरल्यानंतर लोंबणाऱ्या त्वचेची शस्त्रक्रिया : विम्याचा दावा कोणत्या क्रमाने मांडावा

चाळीस-पन्नास किलो वजन उतरल्यावर पोटाची सैल कातडी घडी पडून लोंबत राहते, घडीखाली घाम साचतो, कातडी सोलवटते, बुरशी धरते, आणि ही त्वचा काढून टाकण्याचा खर्च विम्यातून मिळेल का, हा प्रश्न पुढे येतो. बहुतेक जण इथे एकाच पद्धतीने चुकतात. आधी प्लास्टिक सर्जनकडून शस्त्रक्रियेची तारीख घेतात, मग हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर (टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) पॉलिसीचे कार्ड देतात, आणि ‘कॉस्मेटिक’ असा शेरा मारून अर्ज परत आला की कागद गोळा करायला निघतात. तोवर उशीर झालेला असतो, कारण या दाव्याचा निकाल मुख्यतः शस्त्रक्रियेच्या आधीच्या काही महिन्यांत त्वचारोगतज्ज्ञाच्या केसपेपरवर काय लिहिले गेले यावर ठरतो. पुढील टप्पे म्हणून त्याच क्रमाने दिले आहेत, आणि ते नाशिक शहर व जिल्ह्यातील पॉलिसीधारकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत.

अपेक्षा आधीच जमिनीवर ठेवावी. दंड, मांड्या, छाती आणि पाठ यांच्या सैल त्वचेचा खर्च सर्वसाधारण आरोग्य विमा देत नाही असे गृहीत धरूनच हिशेब मांडावा. दावा टिकण्याची खरी शक्यता ओटीपोटावरून खाली लोंबणाऱ्या आणि वारंवार आजार निर्माण करणाऱ्या घडीपुरतीच असते, आणि तीही कागद भक्कम असतील तरच.

टप्पा १ : पॉलिसीतील नेमके कलम शोधावे

विमा नियामक आयआरडीएआयने आरोग्य विम्यातील वगळलेल्या बाबींची शब्दरचना सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली आहे, त्यामुळे कंपनी कोणतीही असली तरी पॉलिसीच्या पुस्तिकेत ‘एक्ससीएल ०८’ (इंग्रजीत Excl08) हा कोड शोधावा. त्याचा आशय असा : कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीचा, अथवा रूप बदलण्यासाठी केलेल्या कोणत्याही उपचाराचा खर्च मिळणार नाही, मात्र अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना असेल, किंवा विमाधारकाच्या आरोग्याला असलेला थेट आणि तात्काळ धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेल्या उपचाराचा तो भाग असेल, तर हा नियम लागू होत नाही, आणि ही आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित केलेली असली पाहिजे.

म्हणजे दार पूर्ण बंद नाही. परंतु ते उघडण्यासाठी तीन गोष्टी कागदावर दिसाव्या लागतात : धोका थेट या त्वचेमुळेच आहे, तो आत्ताचा आहे, आणि हे डॉक्टर सहीनिशी सांगत आहेत. या लेखातील उरलेले सर्व टप्पे या तीन गोष्टींसाठीच आहेत.

दुसरे कलम ‘एक्ससीएल ०६’, म्हणजे लठ्ठपणा आणि वजन नियंत्रण. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया कोणत्या अटींवर मिळेल हे त्यात दिलेले असते : डॉक्टरांचा सल्ला, मान्य वैद्यकीय पद्धती, वय किमान १८, आणि बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक) ४० किंवा त्याहून अधिक, अथवा कमी त्रासाचे उपाय निष्फळ ठरल्यानंतर बीएमआय ३५ किंवा अधिक असून सोबत अनियंत्रित टाइप २ मधुमेह, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणे), हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार किंवा लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूंचा विकार. त्वचा काढण्याच्या अर्जाला अनेकदा चुकून हेच कलम लावून नकार दिला जातो. या शस्त्रक्रियेचा हेतू वजन कमी करणे हा नाही आणि रुग्णाचे वजन आधीच उतरलेले आहे, हे म्हणून अर्जात पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहावे.

तिसरी बाब प्रतीक्षा काळाची, म्हणजे पॉलिसी घेतल्यानंतर ज्या मुदतीत ठरावीक आजारांचा खर्च मिळत नाही तिची. आधीपासूनच्या आजारांसाठी हा काळ आता जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया पॉलिसी घेण्याआधी झाली असेल आणि प्रस्तावपत्रात तिचा उल्लेख केला नसेल, तर ‘माहिती लपवली’ हे कारण कॉस्मेटिकच्या कारणाआधी पुढे येते. प्रस्तावपत्राची प्रत स्वतःकडे नसेल तर ती कंपनीकडून आत्ताच मागवून घ्यावी.

अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या कारखान्यांतील कर्मचाऱ्यांची पॉलिसी बहुधा गटविम्याची असते. गटविम्यात प्रतीक्षा काळ अनेकदा माफ असतो. म्हणून कॉस्मेटिकचे कलमही माफ आहे असा समज होतो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. एचआर विभागाकडून पॉलिसीच्या अटींची पूर्ण प्रत मागावी, केवळ टीपीएचे ई-कार्ड नव्हे. कंपनीने ‘कॉर्पोरेट बफर’ (कर्मचाऱ्यांसाठी गटविम्यात ठेवलेली सामायिक जादा रक्कम) घेतला आहे का आणि तो कोणत्या प्रकरणांत वापरता येतो, हेही तेव्हाच विचारावे.

*तपासावे :* पॉलिसीसोबत येणारे ग्राहक माहितीपत्रक मराठीतही मागता येते. इंग्रजी पुस्तिका समजत नसेल तर ते लेखी मागावे.

टप्पा २ : कोणती शस्त्रक्रिया मागायची ते ठरवावे

पॅनिक्युलेक्टॉमी आणि ॲब्डॉमिनोप्लास्टी या दोन शस्त्रक्रिया रुग्णाच्या बोलण्यात एकच होऊन जातात, आणि दावा तिथेच घसरतो. पॅनिक्युलेक्टॉमीत पोटाखाली लोंबणारी त्वचा आणि चरबीची घडी कापून काढतात. ॲब्डॉमिनोप्लास्टीत, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘टमी टक’मध्ये, त्यापुढे जाऊन पोटाचे सैलावलेले स्नायू शिवून आवळतात, बेंबी नव्या जागी बसवतात आणि पोटाला आकार देतात. पहिली आजार निर्माण करणारी घडी दूर करते. दुसरीतला बराच भाग दिसण्यासाठी असतो, आणि विमा कंपनीचे डॉक्टर हा फरक उत्तम ओळखतात. प्रिस्क्रिप्शनवर, अंदाजपत्रकावर, पूर्वमंजुरीच्या (शस्त्रक्रियेआधी कंपनीकडून घ्यायच्या मंजुरीच्या) अर्जावर किंवा डिस्चार्ज कार्डावर, कुठेही एकदा ‘टमी टक’ किंवा ‘बॉडी कॉन्टूरिंग’ असे लिहिले गेले, की नंतरची दहा पत्रे ते पुसू शकत नाहीत.

घडी किती खाली येते यावरून तिच्या पाच श्रेणी मानल्या जातात. पहिल्या श्रेणीत ती जननेंद्रियांच्या वरच्या केसाळ भागापर्यंत येते, दुसरीत जननेंद्रिये झाकते, तिसरीत मांडीच्या वरच्या भागापर्यंत, चौथीत मांडीच्या मध्यापर्यंत आणि पाचवीत गुडघ्यांपर्यंत किंवा त्याखाली पोहोचते. सर्जनने तपासणीच्या दिवशीच ही श्रेणी लिहून द्यावी. पहिल्या श्रेणीच्या घडीसाठी विम्याच्या मागे लागण्यात वेळ घालवू नये, असे माझे मत आहे.

पोटाला हर्निया असेल तर त्याची शस्त्रक्रिया हा स्वतंत्र वैद्यकीय विषय आहे आणि ती विम्यात बसते, मात्र हर्निया बहुतेक पॉलिसींमध्ये ठरावीक आजारांच्या प्रतीक्षा यादीत असतो. दोन्ही शस्त्रक्रिया एकाच वेळी करता येतात. पण सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये हर्निया दिसला पाहिजे आणि दोन्हींचे खर्च वेगळे मांडलेले असले पाहिजेत.

*सावधान :* ‘हर्नियाच्या नावाखाली सगळे बसवून देतो’ असे कोणी सुचवले तर तिथून उठावे. ही फसवणूक आहे. ऑपरेशनच्या नोंदींत ती उघड होते, दावा तर जातोच, आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते.

टप्पा ३ : आजाराची नोंद उभी करावी

हा टप्पा सर्वांत लांब आहे आणि तो टाळण्याचा एकही मार्ग नाही. सर्जनच्या आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.

घडीखालच्या आजाराला वैद्यकीय भाषेत इंटरट्रिगो म्हणतात. घर्षण, घाम आणि हवा न लागणे यांमुळे कातडी लाल होते, ओलसर राहून पांढुरकी पडते, सोलवटते. मग त्यात कँडिडासारखी बुरशी किंवा जिवाणू वाढतात, चिरा पडतात, व्रण होतात आणि कधी त्वचेखालच्या ऊतींपर्यंत संसर्ग पोहोचून सेल्युलायटिस होतो. नाशिकच्या पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, कपडे वाळत नाहीत आणि हा त्रास हटकून वाढतो. एप्रिल-मेच्या उन्हात घामामुळे तो पुन्हा उसळतो. नोंदी उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही ओलांडून गेल्या, तर आजार वारंवार होतो हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

सर्वांत मोठी चूक मेडिकल स्टोअरमध्ये होते. खाज सुटली की दुकानदाराला विचारून मलमाची ट्यूब घेतली जाते. अशा अनेक मलमांत बुरशीविरोधी औषधासोबत स्टिरॉइड मिसळलेले असते; त्याने दोन दिवस बरे वाटते आणि नंतर नायटा अधिक पसरतो व औषधांना दाद देईनासा होतो. विम्याच्या दृष्टीने तोटा वेगळाच आहे : वर्षभर त्रास सोसूनही त्याची एक ओळही कुठे लिहिलेली नसते. विमा कंपनीच्या दृष्टीने न लिहिलेला आजार झालेलाच नसतो.

प्रत्येक भेटीच्या केसपेपरवर पुढील गोष्टी आहेत का, हे दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी वाचून पाहावे : तारीख, त्या दिवशीचे वजन, आजाराची नेमकी जागा, काय दिसले (लाली, चिरा, स्राव, व्रण, दुर्गंधी), निदान, दिलेले औषध व किती दिवसांसाठी, आणि मागील औषधाचा परिणाम. शेवटची बाब सर्वाधिक सुटते. ‘औषध बदलून दिले’ एवढेच लिहिलेले असते. ‘चार आठवडे मलम व पोटातून गोळ्या घेऊनही व्रण भरलेला नाही’ हे लिहिलेले नसते. डॉक्टरांना हे वाक्य लिहून द्यायला सांगण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही, कारण आपण खोटे लिहायला सांगत नाही. जे त्यांनी पाहिले आहे ते कागदावर यावे एवढेच मागत आहोत.

खाजगी त्वचारोगतज्ज्ञाच्या नोंदींसोबत एखादी नोंद मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील असावी. त्र्यंबक नाक्याजवळचे सिव्हिल, किंवा आडगावचे डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, अशा ठिकाणच्या शिक्क्याच्या केसपेपरला महत्त्व मिळते, कारण तिथल्या डॉक्टरांचा या शस्त्रक्रियेत आर्थिक हितसंबंध नसतो. ओळीत उभे राहावे लागते हे खरे, पण तो वेळ वसूल होतो.

बुरशीसाठी त्वचेचा खरवडा, म्हणजे केओएच तपासणी, आणि स्राव असेल तर कल्चर तपासणी (त्यातील जंतू वाढवून ओळखणे) एकदा तरी करून घ्यावी. लॅबचा अहवाल ही डॉक्टरांच्या मतापलीकडची वस्तुस्थिती असते. मधुमेह असेल तर एचबीए१सीचा (तीन महिन्यांच्या सरासरी रक्तशर्करेचा) ताजा अहवाल सोबत ठेवावा. मधुमेही रुग्णात न भरणारा व्रण हा ‘तात्काळ धोका’ या शब्दांच्या सर्वांत जवळ जातो. सेल्युलायटिससाठी कधी भरती व्हावे लागले असेल तर त्या वेळचे डिस्चार्ज कार्ड या फाइलमधील सर्वांत वजनदार कागद आहे, आणि अनेक जण ते घरी कपाटात विसरतात.

छायाचित्रे डॉक्टरांच्या दवाखान्यातच काढलेली बरी. उभे राहून समोरून, दोन्ही बाजूंनी, आणि घडी हाताने वर उचलून तिच्या खालचा भाग दिसेल असे, किमान चार फोटो हवेत. शेजारी मोजपट्टी आणि तारीख असावी. चेहरा दिसण्याची गरज नाही. आजार उसळलेला असताना काढलेला फोटो आणि उपचारानंतर महिन्याभराने काढलेला फोटो, अशी जोडी हवी. स्वच्छ, कोरड्या, बऱ्या झालेल्या त्वचेचा एकटाच फोटो जोडून रुग्ण स्वतःच्याच दाव्याविरुद्ध पुरावा देतात.

इंटरनेटवर वाचून काही जण ‘तीन महिने उपचार, सहा महिने स्थिर वजन, बॅरिॲट्रिकनंतर अठरा महिने’ अशा अटी इथल्या पॉलिसीत शोधतात. त्या अनेक अमेरिकी विमा कंपन्यांच्या अटी आहेत. आपल्या नियामकाच्या शब्दरचनेत असे महिने दिलेले नाहीत. तरीही फाइल त्या मापाची केली तर ती कोणत्याही वैद्यकीय तपासनिसापुढे अधिक टिकते, म्हणून हे आकडे घरचा अभ्यास म्हणून वापरावेत, हक्क म्हणून सांगू नयेत.

*तपासावे :* फाइलमध्ये किमान तीन महिन्यांच्या अखंड उपचारांच्या तारखा, औषधांची बिले, एक लॅब अहवाल आणि फोटोंची जोडी आहे का? नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नये.

टप्पा ४ : वजन स्थिर आणि शरीर तयार

वजन अजून उतरत असताना त्वचा काढली तर उरलेली पुन्हा सैल पडते, म्हणून सर्जनही थांबायलाच सांगतात. दर महिन्याला एकाच दवाखान्यातील काट्यावर वजन करून ते लेटरहेडवर लिहून घ्यावे. हिमोग्लोबिन, लोह, बी१२ आणि प्रथिने यांच्या तपासण्या करून घ्याव्यात, कारण बॅरिॲट्रिकनंतर यांची कमतरता सामान्य आहे आणि कमतरतेत जखम भरत नाही. तंबाखू, मिश्री आणि सिगारेट शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी बंद हवी.

टप्पा ५ : वैद्यकीय आवश्यकतेचे प्रमाणपत्र

‘रुग्णाला पॅनिक्युलेक्टॉमीची गरज आहे’ असे दोन ओळींचे पत्र निरुपयोगी आहे. एक्ससीएल ०८ मध्ये जे शब्द आहेत त्यांना हे पत्र क्रमाने उत्तर देणारे असावे. सर्जनला पॉलिसीतील त्या कलमाची प्रत द्यावी. बहुतेक सर्जनांनी ती वाचलेली नसते, आणि ती समोर असली की पत्राचा दर्जा लगेच बदलतो.

पत्रात सुरुवातीला वजनाचा इतिहास यावा : आधीचे वजन, आत्ताचे वजन, उतरण्याचा मार्ग (बॅरिॲट्रिक, औषध की आहार-व्यायाम) आणि किती महिन्यांपासून वजन स्थिर आहे. त्यानंतर तपासणीतील निष्कर्ष, घडीची श्रेणी, तिच्याखालच्या त्वचेची अवस्था. मग आजाराची पुनरावृत्ती तारखांसह आणि झालेले उपचार औषधांच्या नावांसह. मग या सर्वांचे कारण ही घडीच आहे आणि ती असेपर्यंत औषधांनी आजार कायम बरा होणार नाही, हे स्पष्ट वाक्यात. आणि शेवटी, शस्त्रक्रिया न केल्यास या विशिष्ट रुग्णाला काय धोका आहे.

‘तात्काळ’ या शब्दावर कंपन्या सर्वाधिक भर देतात. ‘हा त्रास दोन वर्षे आहे, म्हणजे तो तात्काळ नाही’ असा त्यांचा युक्तिवाद असतो. त्याचे उत्तर पत्रातच असावे : जुना असणे आणि तात्काळ असणे यांत विरोध नाही, प्रत्येक नवा संसर्ग हा नवा धोका आहे, आणि मागील सहा महिन्यांत संसर्ग कोणत्या तारखांना झाले ते वर दिले आहे. मधुमेह, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे, आधीचा सेल्युलायटिस, पायांची सूज यांपैकी जे असेल ते नावानिशी लिहावे. जे नाही ते लिहू नये.

चालताना, कामावर उभे राहताना, स्वच्छता राखताना येणाऱ्या अडचणी एका परिच्छेदात मांडाव्यात, पण त्यांवर दावा उभा करू नये. न्यूनगंड, लग्नसमारंभाला जाणे टाळणे, कपडे न बसणे हे सर्व खरे असते आणि मोठे असते, तरी या पत्रात त्याला जागा नाही. असे एक वाक्य आले की तपासनीस ‘रूप बदलण्यासाठी’ हे शब्द अधोरेखित करतो.

निदानाचे आयसीडी-१० कोड (आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील क्रमांक) हाही नाजूक भाग आहे. इंटरट्रिगोसाठी एल ३०.४ आणि अतिरिक्त सैल त्वचेसाठी एल ९८.७ हे कोड आहेत, झेड ४१.१ हा कोड दिसण्यासाठी केलेल्या प्लास्टिक सर्जरीचा आहे. हॉस्पिटलच्या संगणकावर ‘प्लास्टिक सर्जरी’ शोधून घाईत हा तिसरा कोड टाकला गेला, तर अर्ज माणसाने वाचण्याआधीच बाद होण्याची शक्यता असते. कोड डॉक्टरांनी निदानानुसार ठरवायचे आहेत. आपण फक्त तो तपासून पाहायचा आहे.

*तपासावे :* त्वचारोगतज्ज्ञाचे वेगळे पत्र घेतले का? दोन्ही पत्रांतील वजन, तारखा आणि औषधे जुळतात का?

टप्पा ६ : हॉस्पिटल आणि अंदाजपत्रक

हॉस्पिटल नेटवर्कमध्ये, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या यादीत, आहे का हे कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच आठवड्यात पाहावे, कारण मुंबई नाका किंवा गंगापूर रोड परिसरातील हॉस्पिटलांची नावे या याद्यांत ये-जा करत असतात. नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलसाठीही ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ योजनेखाली कॅशलेसची (कंपनीने बिल थेट हॉस्पिटलला देण्याची) नियोजित भरतीच्या ४८ तास आधी कळवून मागणी करता येते. खोलीभाड्याची मर्यादा पाहून खोली निवडावी. वरच्या दर्जाची खोली घेतली तर अनेक पॉलिसींत बाकीच्या खर्चातही प्रमाणात कपात होते.

अंदाजपत्रकात जीएसटी आहे का ते नक्की पाहावे. आरोग्यसेवा जीएसटीतून मुक्त आहे, परंतु जन्मजात दोष, वाढीतील विकृती किंवा इजा यांसाठीची पुनर्रचना सोडता कॉस्मेटिक व प्लास्टिक सर्जरीला ही मुक्ती नाही. शस्त्रक्रियेच्या शुल्कावर जीएसटी लावलेला दिसला, तर हॉस्पिटलनेच ती कॉस्मेटिक धरल्याचा अर्थ कंपनी काढू शकते. बिलिंग विभागाशी हे भरतीआधी बोलावे. दिवसाला ५,००० रुपयांपेक्षा महाग खोलीवरचा जीएसटी मात्र वेगळा असतो; त्याचा या वादाशी संबंध नाही.

दंड किंवा मांड्यांचे काम स्वखर्चाने त्याच वेळी करायचे असेल, तर त्याचे अंदाजपत्रक, संमतिपत्र आणि बिल पूर्ण वेगळे हवे. शक्य असेल तर ते वेगळ्या वेळी करावे, असे मी सुचवीन; एकत्र बिलात कोणता खर्च कशाचा, यावरून सगळाच दावा अडकतो. जखमेनंतर लागणारा पोटाचा पट्टा साधारणपणे न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत असतो.

टप्पा ७ : पूर्वमंजुरी

ही नियोजित शस्त्रक्रिया आहे, म्हणून अर्ज शेवटच्या ४८ तासांवर न ठेवता दोन-तीन आठवडे आधी पाठवावा. अर्ज हॉस्पिटलचा टीपीए डेस्क पाठवतो, आणि तिथला कर्मचारी बहुधा फॉर्म व एक प्रिस्क्रिप्शन एवढेच अपलोड करतो. संपूर्ण फाइल एकाच पीडीएफमध्ये, वर एक पानाचे अनुक्रमपत्र लावून, आपणच तयार करून द्यावी आणि ती अपलोड झाल्याची पोच घ्यावी. तीच पीडीएफ कंपनीच्या ईमेलवर स्वतःच्या पत्त्यावरूनही पाठवावी.

२९ मे २०२४ च्या नियामकाच्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय अपेक्षित आहे. प्रत्यक्षात अशा प्रकरणात ‘क्वेरी’, म्हणजे कंपनीची शंका किंवा जादा कागदांची मागणी, येते. क्वेरीचे उत्तर डेस्कवरून तोंडी जाऊ देऊ नये. सर्जनच्या सहीचे लेखी उत्तर पाठवावे.

कॅशलेस नाकारले म्हणजे दावा नाकारला असे नव्हे. बिल स्वतः भरून नंतर प्रतिपूर्तीचा दावा करता येतो. पण नकारपत्रात एक्ससीएल ०८ चा उल्लेख असेल, तर आधी त्याचे लेखी खंडन करून फेरविचार मागावा आणि मगच भरतीची तारीख नक्की करावी. संपूर्ण रक्कम स्वतः सोसण्याची तयारी असल्याखेरीज ‘नंतर बघू’ म्हणून शस्त्रक्रिया उरकू नये.

*सावधान :* ‘मंजूर होईल, काळजी करू नका’ हे एजंटचे किंवा डेस्कवरचे बोलणे मंजुरी नव्हे. रक्कम आणि शस्त्रक्रियेचे नाव असलेले पत्र हाती हवे.

टप्पा ८ : भरती ते डिस्चार्ज

ऑपरेशनच्या नोंदीत घडीखालच्या त्वचेची त्या दिवशीची अवस्था आणि काढलेल्या ऊतींचे वजन ग्रॅममध्ये लिहिले जावे, आणि ऊती हिस्टोपॅथॉलॉजीला (ऊतींच्या सूक्ष्मदर्शक तपासणीला) पाठवाव्यात. जुनाट दाह सूक्ष्मदर्शकाखाली दिसला तर तो वादातला उत्तम साक्षीदार असतो. डिस्चार्ज कार्डाचा मसुदा सही होण्याआधी वाचायला मागावा. निदानाच्या रकान्यात पूर्वमंजुरीतलेच शब्द हवेत. परिपत्रकानुसार अंतिम मंजुरी तीन तासांत मिळायला हवी. प्रतिपूर्तीचा दावा असेल तर पॉलिसीतील मुदतीत मूळ कागद देऊन पोच घ्यावी, आणि प्रत्येक कागदाची स्कॅन प्रत आधी काढून ठेवावी.

टप्पा ९ : नकार आल्यास

नकार लेखी आणि कलमाच्या उल्लेखासह मागावा. कंपनीच्या दावे पुनर्विलोकन समितीच्या किंवा उत्पादन व्यवस्थापन समितीच्या मान्यतेशिवाय दावा फेटाळता येत नाही, असे २०२४ च्या परिपत्रकात आहे. ही मान्यता घेतली होती का, हे पहिल्याच पत्रात विचारावे.

पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी. टीपीएकडे केलेली तक्रार यात धरली जात नाही, आणि कित्येकांचे महिने तिथेच जातात. सोबत नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंद करून तिचा क्रमांक ठेवावा. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, जाता येते. नाशिकसाठी हे कार्यालय पुण्यात आहे. अर्ज ऑनलाइन होतो, शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतची प्रकरणे तिथे चालतात. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करणे बंधनकारक आहे. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तो ३० दिवसांत अमलात आणला नाही तर दिवसाला ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

लोकपालापुढे आपली बाजू मांडताना वेदनांचे वर्णन थोडक्यात आटोपावे आणि कलमातील शब्द व त्यांपुढे आपल्या फाइलमधील पान क्रमांक, असा दोन रकान्यांचा तक्ता द्यावा.

दुसरा मार्ग नाशिक जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. तिथे मुदत दोन वर्षांची आहे, तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार दाखल करता येते, आणि अधिकारक्षेत्र व शुल्क दाव्याच्या रकमेवर नव्हे तर भरलेल्या प्रीमियमवर ठरत असल्याने ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. एकाच वेळी दोन्हीकडे जाता येत नाही. आधी लोकपालाकडे जावे. निवाडा विरुद्ध गेला तरी आयोगाचा मार्ग खुला राहतो, मात्र आयोगात आधी गेल्यास लोकपाल ते प्रकरण घेत नाही.